तणसाच्या गाडीवरची इंग्रजी

आमच्या घरात इंग्रजी आली ती तणसाच्या रिकाम्या गाडीतून, आणि जो माणूस ती घेऊन आला त्याला स्वतःचं नावही लिहिता येत नव्हतं. तो माझा बाप, डोमा. आम्ही त्याला बा म्हणत असू. पुढे मी मॅट्रिक झालो, इंग्रजीत काठावर का होईना पण पहिल्याच झटक्यात. मग कॉलेजात गेलो, बी.ए. झालो, आमच्या गावातला पहिलाच. आता म्हातारपणी सत्काराला बोलावणारे लोक विचारतात, तुमच्या इंग्रजीचा पाया कोणी घातला? त्यांना एखाद्या शिक्षकाचं नाव ऐकायचं असतं. ते नाव मी आजवर घेतलेलं नाही, इथेही घेणार नाही. शाळेचं आणि तिच्या गावाचंही नाव लिहीत नाही, कारण आज तिथं बसणाऱ्या पोरांचा त्यात काही दोष नाही.

आमचं गाव अर्जुनी मोरगावच्या बाजूला, तलावाच्या पाळीखाली. घरात दोन भाऊ एकत्र: मोठा बा, म्हणजे माझा मोठा चुलता आडकू, आणि माझा बा. कारभार मोठ्या बाच्या हातात, आणि बोलणंही त्याच्याच तोंडात. पहाटे मुसळाच्या आवाजानं जाग यायची. माय आणि मोठी माय समोरासमोर उभ्या राहून धान कांडायच्या. दोघींचं आपसात पटत नसे, पण मुसळ मात्र कधी एकमेकींवर आदळलं नाही. सकाळी पेज पिऊन मी शाळेची वाट धरायचो, दुपारी फडक्यातला भात आणि लाखोळीचं घट्ट वरण, संध्याकाळी पुन्हा भात आणि तलावातल्या झिंग्यांची वांगी घालून केलेली भाजी. या जेवणाचं कोणी कौतुक केलं तर मला राग येतो. रोज तेच खाल्लेल्या माणसाला विचारा.

आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, म्हणजे जत्रा, आणि मंडईत दंडार होते, म्हणजे नाच, गाणं आणि सोंगांचा खेळ. आमच्या गावची दंडार मोठा बा चालवायचा आणि त्यात मोठा पार्ट बाचा असायचा. खेळ करणाऱ्यांत अक्षरओळख एकालाच. तो वही घेऊन बसायचा, एक वाक्य वाचायचा आणि बाकीच्यांनी ते जसंच्या तसं म्हणायचं. बाला दोनदा ऐकलं की पुरत असे. तिसऱ्यांदा कोणी वाचू लागला तर तो चिडायचा, "येडा समजून राहिला का मले?" असं म्हणायचा. जिथं वाचणाऱ्यानं दम घेतला तिथं बासुद्धा दम घ्यायचा, जिथं तो अडखळला तिथं बासुद्धा अडखळायचा. तो म्हणायचा, त्यातला एक हुंकार काढला तर पुढचं वाक्य उठत नाही, खालची वीट काढल्यासारखं होतं.

मॅट्रिकच्या वर्षी शाळेत नवे हेडमास्तर आले आणि त्यांनी नवीनच काढलं. बोर्डाच्या फॉर्मवर सही करण्याआधी इंग्रजीची चाचणी होणार. इंग्रजीचे सर एक उतारा दोनदा वाचतील, तो ऐकून प्रश्नांची उत्तरं लिहायची. मग एकेकानं पुढे येऊन एक पान मोठ्यानं वाचायचं. दोन्हींत पास होईल त्याच्याच फॉर्मवर सही. कच्ची पोरं आधीच गाळली की शाळेचा निकाल गोमटा दिसतो, ही युक्ती आम्हालाही कळत होती. पण तोवर आमच्या वर्गात इंग्रजी म्हणजे सरांनी फळ्यावर मराठी अर्थ लिहायचा आणि आम्ही उतरवून घ्यायचा. चार वर्षं मी इंग्रजी पाहत होतो, ऐकली कधीच नव्हती. भिंतीवरच्या पालीसारखी ती नुसती दिसायची.

सर मोठ्यानं वाचायचे ते त्यांच्या घरी, ओसरीवरच्या शिकवणीत. तिथं गावातली सात-आठ मुलं बसत. मी जाऊन विचारलं. सरांनी तपकिरीची डबी उघडली, चिमूट ओढली आणि डबी टक् करून मिटली.

"तू त्या तलावाखालचा ना? शिकवणी सुटून घरी जाईस्तोवर अंधार पडेल. वाटेत वाघानं धरलं तर जाब मी द्यायचा का?" मग मुलांकडे पाहून म्हणाले, "आणि इंग्रजी ऐकून करणार काय हा? बैल इंग्रजीत हाकणार?"

मुलं हसली. त्यांतला एक पुढे मोठा अधिकारी झाला आणि एका लग्नात मला भेटला. म्हणाला, काय दिवस होते ना. मी म्हणालो, तुझे होते.

त्या संध्याकाळी जेवताना मी घरात हे सांगितलं. मोठ्या बानं भात कालवताना मान वर केली नाही. "ठीकच बोलला मास्तर. खळ्यात धानाचे पुंजणे पडून हायेत, बैलं फिरवून चुराले मानूस भेटून नाई राहिला. अन् हा साहेब इंग्रजी आयकाले जाते."

बा म्हणाला, "कोन्या घरी वाचते तो?"

"कायले पाहिजे तुले?" मोठा बा.

"मी पोट्ट्याले विचारून राहिलो."

मी घर सांगितलं. बा विचार करत बोटं चाटत राहिला. "त्या ओसरीच्या बाजूलेच सेठचा गोठा हाये. मधात नुसती बांबूची ताटी." आणि तो हात धुवायला उठला.

बाला इंग्रजीची माया होती असं कोणी समजू नये. त्याला तिचा राग होता. दोन वर्षांमागे तलावाच्या पाण्यावरून तंटा झाला होता. मालगुजाराचा मुलगा आणि पाण्याचा साहेब पाळीवर उभे राहून, बाच्या समोर, इंग्रजीत बोलले. मग मराठीत म्हणाले, जा, तुझ्या बांधीला पाणी मिळेल. बा घरी येऊन निजला. पाणी दुसऱ्याच्या शेतात गेलं आणि आमचं धान निसवताना वाळलं. त्या दिवसापासून बा एकच म्हणायचा, "माह्या समोर उभं राहून मले समजू नये असं बोलतेत. ते समजनारा एक मानूस माह्या घरात पाहिजे." मला शाळेत ठेवण्याचं कारण एवढंच. मुलाचं भविष्य वगैरे शब्द आमच्या घरात नव्हते.

पुढच्याच बाजाराच्या दिवशी बानं गाडीत तणस भरलं. तणस म्हणजे धानाचा पेंढा. तो सेठला त्याच्या गाईंसाठी नेहमीच लागायचा. एरवी अर्ध्या तासात गाडी रिकामी करणारा बा त्या दिवशी एकेक पेंढी उचलून ठेवत बसला. सेठ येऊन म्हणाला, "क्या डोमा, पेंढी को सुला रहा है क्या? जल्दी उतार." बा म्हणाला, "गाई हडबडतेत सेठजी, धीरे धीरे करना पडता." ताटीपलीकडे सर वाचत होते.

बा घरी आला तो गप्प. वाटेत चारजणांनी रामराम घातला, त्यानं कोणालाच उत्तर दिलं नाही. त्यातले दोघं पुढे महिनाभर त्याच्याशी बोलले नाहीत. मायनं पाण्याचा गडवा पुढे केला तर त्यानं हातानंच दूर सारला. माय म्हणाली, "काऊन? तोंडात का ठेवून आनलं?" खरंच ठेवून आणलं होतं. तो माझ्यासमोर बसला, डोळे मिटले आणि बोलू लागला.

त्यातलं मला एक अक्षर समजलं नाही. बाच्या तोंडून सरांचा आवाज येत होता. चार-पाच वाक्यं, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'अं-हं', मग नाकानं सूंऽ, मग गडव्यावर बोटानं टक्. म्हणून झाल्यावर तो घटाघटा पाणी प्यायला. मी पुस्तक काढलं. एक शब्द कानात अडकला होता, लाइटहाउस. समुद्रातल्या दिव्याच्या मनोऱ्याचा म्हातारा राखणदार, असा एक धडा होता. समुद्र आमच्यापैकी कोणीच पाहिला नव्हता. "पुन्ना म्हन," मी म्हणालो, आणि ओळीवर बोट ठेवलं. बा म्हणत गेला, बोट सरकत गेलं. एकही शब्द गळला नव्हता. जो शब्द मी चार वर्षं मनात भलताच वाचत होतो तो बापाच्या तोंडून बरोबर ऐकला. त्या वेळी मला आनंद झाला नाही, लाज वाटली.

"हा मानूस दर वाक्याले अडते काऊन?" बानं विचारलं. "पार्ट खराब लिहिला हाये का?"

"नाई बा. तपकीर ओढते तो."

"मंग ते बी धर. सोडलं तर पुढचं उठनार नाई."

आठवड्यातून दोनदा गाडी जाऊ लागली. सेठच्या गोठ्यात तणस छपराला टेकलं. घरी रोज दिवेलागणीनंतर बा म्हणायचा, मी पाठमोरा बसून ऐकायचो आणि तसंच उलट म्हणायचो. चुकलो की पाठीवर तणसाच्या दोरीचा फटका. मी एकदा चिडून म्हणालो, "तुले समजते का त्यातलं?" बा म्हणाला, "समजत नाई. पन चुकलं ते समजते." आणि आणखी एक फटका दिला. आज माझी नात कानात बोंडं खुपसून, आरामखुर्चीत पाय वर घेऊन इंग्रजी ऐकण्याची परीक्षा देते. तिला मी हे सांगितलं तर म्हणाली, आजोबा, किती क्यूट. मी पुढचं सांगितलं नाही.

या सगळ्याचा दंड दंडारीला बसला. मंडई जवळ आली, वही घेऊन बसणं सुरू झालं आणि बाला पार्ट बसेना. दोन ओळी म्हटल्या की तिसरी लाइटहाउसची यायची. शेवटी त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं, यंदा दुसरा मानूस पाहा. मोठा बा ढोलकी बाजूला ठेवून उभा राहिला.

"इंग्रजाचा पार्ट घेतलास का रे डोमा? इंग्रज तर गेला."

"जाऊ दे ना दादा."

"वीस वर्सं हा पार्ट तुझा. लोकं तुले पाहाले येतेत. अन् एका पोट्ट्यापायी..." तो माझ्याकडे बघून थुंकला.

मंडईत बा लोकांमध्ये खाली बसला. त्याचा पार्ट दुसरा कोणी करत होता आणि विसरत होता. प्रत्येक विसरलेल्या ओळीवर लोक मागे वळून बाकडे पाहायचे. तो समोर बघत राहिला. त्यानंतर मोठ्या बानं आमच्या दोघांशी बोलणं टाकलं. जेवायला एकत्र, पण मीठ हवं असलं तरी तो भिंतीला सांगायचा.

चाचणीच्या दिवशी ऐकण्याचा पेपर आधी झाला. सरांनी नवा उतारा काढला, कोणत्याच पुस्तकात नसलेला. पण आवाज तोच होता. त्यांनी कुठं दम घ्यायचा, कुठला शब्द नाकात ओढायचा, हे मला माझ्या बैलांच्या चालीसारखं ठाऊक होतं. उतारा सरळ आत उतरला. मी सगळी उत्तरं लिहिली आणि सगळ्यांच्या आधी वही दिली.

मग वाचन. सर आणि हेडमास्तर शेजारी शेजारी बसले. माझी पाळी आली आणि मला पान दिलं ते नेमकं मनोऱ्याच्या राखणदाराचं. मी उभा राहिलो, पहिलं वाक्य वाचलं, आणि वाक्य संपताच म्हणालो, अं-हं. मग नाकानं सूंऽ. मग पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर बोट, टक्. दुसरं वाक्य. अं-हं, सूंऽ, टक्. ते सरांचं तपकीर ओढणं आहे हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण घरी दोन-अडीच महिने ते वाक्याचाच भाग म्हणून घोटलं होतं. ते काढायचं म्हटलं असतं तर वाचनच बंद पडलं असतं. आमच्या गावात कोणाचंही असंच झालं असतं. तिसऱ्या वाक्याला मागचा बाक हसून फुटला, मग सगळा वर्ग. हेडमास्तरांनी तोंडावर रुमाल धरला. सर उठले.

"नक्कल करतोस? माझी नक्कल?"

रूळ माझ्या बोटांवर पडला, मग कानशिलावर. मी म्हणालो, "नाही सर, असंच पाठ आहे." ते ऐकून वर्ग आणखी हसला आणि रूळ आणखी दोनदा पडला. "उद्या बापाला घेऊन ये. वाचनात शून्य."

बा दुसऱ्या दिवशी आला. मला शिपायानं दूर आवारात, झेंड्याच्या खांबापाशी उभं केलं. बा एकटाच आत गेला. थोड्या वेळानं बाहेर आला तेव्हा मी विचारलं, "का झालं? फॉर्म?" त्यानं हात वर केला, तोंड घट्ट मिटलेलं. तेव्हा मी ओळखलं की तो काहीतरी घेऊन चालला आहे. अख्खी वाट आम्ही बोललो नाही. मी मागे, तो पुढे, पाणी भरलेली घागर डोक्यावर असल्यासारखी त्याची मान सरळ.

घरी सगळे अंगणात होते. बा खाटेवर बसला, डोळे मिटले आणि दोन आवाजांत बोलला. एक आवाज जाड, हेडमास्तरांचा. दुसऱ्यात अं-हं आणि टक् होतं. या वेळी पुस्तक उघडावं लागलं नाही. तो बोलत होता आणि मला समजत होतं. हेडमास्तर विचारत होते, ऐकण्यात याला किती मिळाले? सर म्हणत होते, हायेस्ट इन द क्लास. मग अडवायचं कशाला? तर सर म्हणत होते, हा पुढे गेला की त्या गावांतून आणखी दहा येतील. एक वर्ष मागे ठेवा, ही मंडळी परत येत नाहीत, आपल्या बैलांकडे जातात. हेडमास्तर म्हणाले, या माणसाला काही कळतंय का? आणि सर म्हणाले, नॉट अ वर्ड.

बानं डोळे उघडले. "मंग तो तपकीरवाला माह्याकडे पाहून मराठीत म्हने, डोमा, पोरगा कच्चा हाये, आयकन्यात तर भोपळाच भेटला, एक वर्स थांबू दे. आता तू सांग, पयले का बोलले ते."

 खरं सांगितलं तर हा कुऱ्हाड घेऊन जाईल असं वाटलं. खोटं सांगितलं असतं तर मी तरी त्या पाळीवरच्या साहेबांहून वेगळा कसा?

"खरं सांगजो," बा म्हणाला.

मी सांगितलं. एकेक वाक्य, शेवटच्या तीन शब्दांसकट. माय पदर तोंडात धरून उभी राहिली. दीड महिना न बोललेला मोठा बा भिंतीकडे नाही, सरळ बाकडे वळून म्हणाला, "उद्या काठी घेऊन जातस का?"

"काठी कायले? पार्ट पाठ हाये."

सकाळी गाडी मोठ्या बानं जुंपली. शाळेत पोचल्यावर तो शिपायाच्या स्टुलावर जाऊन बसला, शिपाई उभा राहिला. बानं धुतलेलं धोतर नेसलं होतं. आम्ही दोघं आत गेलो. हेडमास्तर लिहीत होते, सर बाजूला हजेरी पाहत होते. "आता काय राहिलं?" सर म्हणाले.

बा टेबलापासून दोन पावलं मागे सरला, दंडारीत सरायचा तसा, आणि सुरू झाला. मंडईच्या शेवटच्या माणसाला ऐकू जाणारा तो आवाज होता. जाड आवाजातला प्रश्न, नाकातलं उत्तर, तळहातावर टक्. शेजारचे दोन वर्ग गप्प झाले, मग व्हरांड्यात पावलं वाजू लागली. सरांनी दार लावायला धाव घेतली, पण दाराच्या चौकटीत मोठा बा येऊन उभा होता. बा नॉट अ वर्डपर्यंत पोचला, थांबला आणि साध्या आवाजात म्हणाला, "याचा अर्थ मले येत नाई. पोट्ट्याले येते. सांगाले लावू का? बाहेर लय जन हायेत आयकाले."

"पुरे," हेडमास्तर म्हणाले. त्यांनी खण उघडला, माझा फॉर्म काढला आणि सही केली.  सर खिडकीकडे तोंड करून उभे होते. जन्माची सवय अशी एका सकाळीत जात नाही. सही होताच ते हेडमास्तरांना हळूच इंग्रजीत काहीतरी म्हणाले.

बानं मान वळवली नाही. "का म्हनते?" त्यानं मला विचारलं.

मी सरांकडे बघत, आमच्याच बोलीत, व्हरांड्यात ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "म्हनते, बसू द्या त्याले, नाईतरी नापासच होनार हाये."

 बा टेबलावर वाकला आणि कागदाकडे पाहू लागला.

"शाई वाळली का?"

"वाळली."

"मंग उचल अन् चाल."